थडग्याच्या दगडाची चिरेबंदी

युरोपात नदीवरून जाणाऱ्या लांबलचक बोटी असतात. रात्री चालतात, दिवसा एखाद्या गावाला लागतात. प्रवासी उतरतात, गाव बघतात, जेवायला बोटीवर परत येतात. अशा एका दिवसाविषयी लिहितो आहे. गाव जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग. नदी डॅन्यूब, तिथले लोक तिला डोनाउ म्हणतात.

आपल्या अंकात असला विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पेन्शनीत निघालेला एक माणूस लेकीच्या पैशावर बोटीत बसून युरोप बघून आला, यात चळवळीचं काय? प्रश्न रास्त आहे. लेक म्युनिकला नोकरी करते, तिने तिकिटं काढली, आमची मंडळी हटून बसली, आणि गेलो. त्यापलीकडे माझं काही सांगण्यासारखं नाही. पण त्या गावाने एकेकाळी जे केलं ते आपल्या फार ओळखीचं आहे. आणि नंतर जे केलं ते आपल्या गावांनी अजून केलेलं नाही. म्हणून लिहितो.

बोट न्युरेनबर्गकडून कालव्याने आली होती. माईन आणि डॅन्यूब या दोन नद्या जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ साली पुरा झाला. तेव्हापासून बोट एका समुद्रातून निघून सगळा युरोप कापत दुसऱ्या समुद्राला जाऊ शकते. रेगेन्सबुर्गला मात्र एक अडचण आहे. तिथला दगडी पूल बाराव्या शतकातला, कमानी बुटक्या. आमच्याएवढी बोट त्याखालून जात नाही. ती उत्तरेच्या कालव्यातून, पाण्याच्या दरवाजातून खाली उतरून पुलाला वळसा घालते आणि पुलाखालच्या अंगाला धक्क्याला लागते. आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने आजच्या पैसेवाल्यांना वळसा घालायला लावलाय, हे मला बरं वाटलं.

उतरताना प्रत्येकाच्या गळ्यात एक यंत्र अडकवतात. दोरीला लोंबणारा छोटा डबा आणि कानात बोंडूक. गाईडबाई हातात नंबराची पाटी धरून पुढे चालते, ती हळू बोलली तरी आपल्या कानात येतं. मंडळीने तो डबा हातात तोलून बघितला आणि म्हणाली, "गळ्यात काईतरी बांधून गावातून फिरायचं, हे आपल्या नशिबातच हाय की वो." आणि खळखळून हसली. आजूबाजूचे गोरे लोक तिचं हसणं बघून हसले. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या खापरपणज्याच्या गळ्यात काय बांधलेलं होतं ते त्यांना काय ठाऊक!

दोन तास गाईडबाईच्या मागे. तिने चांगलं दाखवलं, तिला नावं ठेवायची नाहीत. रोमन लोकांनी इसवी सन १७९ मध्ये इथे लष्करी छावणी बांधली, तिचा दरवाजा अजून उभा आहे. जुन्या कचेरीत १६६३ ते १८०६ पर्यंत साम्राज्याची सभा भरायची, आणि त्याच कचेरीच्या तळात कैद्याचे हाल करायची खोली आहे. वर कायदा, खाली फळी आणि दोरखंड. पुलाची गोष्ट सांगितली. पूल बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला: तू मदत कर, पुलावरून जे पहिले तीन जीव जातील ते तुझे. पूल झाल्यावर त्याने पुढे सोडले कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा. सैतान हात चोळत बसला. सगळे हसले. मंडळी मला म्हणाली, "बरंय की. यांचं कोंबड्यावर भागलं. आपल्याकडं बुरूज उभा ऱ्हायना म्हनलं की म्हारा-मांगाचं जोडपं बघायचे." किल्ल्याकिल्ल्यावर ही गोष्ट सांगतात. खरी किती, खोटी किती, पण गोष्टीत बळी कोण जायचा ते कधी बदलत नाही.

पुलाच्या बुडाशी एक सॉसेज भाजायचं जुनं दुकान आहे, बुटकं, धुराने काळवंडलेलं. भिंतीवर पुराच्या खुणा केलेल्या, साल घातलेलं. कोळशावर भाजलेल्या बोटाएवढ्या सॉसेजेस, खाली आंबवलेली कोबी, वर गोडसर मोहरी. डुकराचं मांस. आम्ही पोटभर खाल्लं. पुढच्या दोन तासांची मोकळीक होती. बाकीचे लोक दुकानांत शिरले. लेक म्हणाली, "आण्णा, आता मी दाखवते."

ती आठ वर्षं जर्मनीत आहे, भाषा वाचते, बोलते. तिने पहिल्यांदा कॅथेड्रलच्या दक्षिण अंगाला नेलं. गाईडबाईने आम्हाला पुढच्या बाजूने नेलं होतं. आकाशाला टेकलेली दोन शिखरं, एकशेपाच मीटर उंचीची, सगळ्यांनी माना मागे टाकून फोटो काढले होते. दक्षिणेला कुणी नव्हतं. एका खांबावर एक झिजलेलं शिल्प. लेक म्हणाली, "नीट बघा." एक डुकरीण. तिच्या आचळांना माणसं लागलेली. ती माणसं म्हणजे ज्यू. चौदाव्या शतकात देवाच्या घराच्या भिंतीवर हे कोरून लावलं. ज्या धर्मात डुकराला शिवत नाहीत त्या धर्माच्या माणसांना डुकरिणीचं दूध पाजलं. आणि लावलं कुठे? ज्यूंची वस्ती होती त्या बाजूच्या भिंतीवर. त्यांनी रोज घराबाहेर पडावं आणि वर बघावं.

मला पोटात ढवळून आलं. दुपारच्या सॉसेजचा दोष नव्हता. शाळेत असताना आमच्या आडनावापुढे कोणत्या जनावरांची नावं लावायचे ते आठवलं.

शिल्पाजवळ आता एक पाटी आहे, हे काय आहे ते सांगणारी. जर्मनीत असली शिल्पं बऱ्याच चर्चवर आहेत. विटेनबर्गच्या चर्चवरचं काढून टाकावं म्हणून एक ज्यू गृहस्थ सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेले. जून २०२२ मध्ये निकाल लागला: काढायची गरज नाही, जवळ खुलासा लावलाय, तो पुरे. आमच्या तिघांत तिथेच भांडण लागलं. लेक म्हणाली, राहू दे, पुरावा आहे. मंडळी म्हणाली, "तुझ्या दारावर लावू का असला पुरावा? काढा की. म्युजममधी ठेवा." मी दोघींच्या मधे. जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा उभा केला. तो काढावा म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. २०१८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून दोन बाया गेल्या आणि त्याला काळं फासून आल्या. तो पुतळा काही चौदाव्या शतकातला नव्हे, राज्यघटना लागू झाल्यावर एकोणचाळीस वर्षांनी उभा केलेला. जुना गुन्हा पुरावा म्हणून ठेवणं वेगळं आणि नवा गुन्हा मुद्दाम चौथऱ्यावर चढवणं वेगळं. एवढं माझं मत झालं. पण विटेनबर्गच्या बाबतीत मी अजून मंडळीच्या बाजूला झुकतो. ज्याच्यावर थुंकलं जातं त्याने ठरवावं, पाटी पुरेशी आहे की नाही.

तिथून चार पावलं चालून एक मोठा चौक लागतो, नॉयफार्प्लाट्झ. सकाळी गाईडबाई इथे दोन वाक्यं बोलून पुढे गेली होती. चौकाच्या मधे चर्च, बाजूला दुकानं, आइस्क्रीम. हीच ज्यूंची वस्ती होती. मधल्या काळातल्या जर्मनीतली नावाजलेली वस्ती. विद्येसाठी लांबलांबून पोरं यायची.

इथे काय काय झालं ते लेकीने मोबाइलवर वाचत वाचत सांगितलं. आम्ही चौकातल्या एका ओट्यावर बसून ऐकत होतो. तिने १०९६ पासून सुरुवात केली. पहिल्या धर्मयुद्धाला निघालेले ख्रिस्ती सैनिक वाटेत या गावात आले. त्यांनी इथल्या ज्यूंना गोळा केलं, डॅन्यूब नदीत ढकललं, आणि पाण्यावर क्रॉसची खूण करून म्हणाले, झाला तुमचा बाप्तिस्मा. पुढच्या वर्षी बादशहाने परवानगी दिली तेव्हा ते परत आपल्या धर्मात आले. मंडळी ऐकत होती. म्हणाली, "बळंच?" मी म्हटलं, बळंच. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या मामंजीनं नागपूरहून आल्यावर घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले हुते. इथं देवानं मानसं सोडली."

माझा बाप १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होता. तिकिटाला पैसे नव्हते, कसा गेला ते त्याचं त्याला माहीत. आपलं धर्मांतर कुणी बळंच केलं नाही. मोजून, मापून, बावीस प्रतिज्ञा तोंडाने म्हणून केलं. आज धर्मांतर म्हटलं की ज्यांच्या भुवया वर जातात त्यांना बळजबरी आणि निवड यातला फरक दाखवायचा असेल तर या नदीवर आणावं.

मग १५१९. दोस्तहो, हे साल लक्षात ठेवा, पुढे ते दगडावर भेटणार आहे.

बादशहा मॅक्सिमिलियन ज्यूंकडून कर घ्यायचा आणि बदल्यात त्यांना संरक्षण द्यायचा. गावातल्या कारागिरांचा, व्यापाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. त्याचं खापर ज्यूंच्या डोक्यावर. कॅथेड्रलचा प्रवचनकार हुबमायर नावाचा, तो वर्षानुवर्षं वेदीवरून ज्यूंविरुद्ध आग ओकत होता. (गंमत बघा, पुढे हाच हुबमायर दुसऱ्या पंथात गेला आणि १५२८ मध्ये व्हिएन्नात त्यालाच पाखंडी म्हणून जिवंत जाळला.) जानेवारी १५१९ मध्ये बादशहा मेला. नवा अजून बसलेला नाही. गादी रिकामी, म्हणजे जाब विचारणारा कुणी नाही. फेब्रुवारीत गावच्या पंचांनी ठराव केला: ज्यूंनी गाव सोडावं. सिनेगॉग रिकामं करायला दोन तास. गाव सोडायला पाच दिवस. भर थंडी. पाचशेच्या आसपास माणसं, म्हातारी, बाळंतिणी, पोरं, नदीच्या काठाने निघाली.

ठराव सांगायला जे पंच गेले त्यांच्यात आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर होता. मोठा चित्रकार. निसर्गाची चित्रं युरोपात पहिल्यांदा काढणाऱ्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतात. गावात त्याच्या नावाची शाळा आहे. सिनेगॉग पाडण्याआधी तो आत गेला आणि त्याने दोन चित्रं काढली, एक आतल्या खांबांचं, एक देवडीचं. धातूच्या पत्र्यावर कोरून छापली. खांब, कमानी, झिरपणारा उजेड, सगळं जिव्हाळ्याने काढलंय. आणि त्याच चित्रावर लॅटिनमध्ये लिहिलंय की देवाच्या न्यायाने ही वास्तू जमीनदोस्त झाली. लेकीने ती चित्रं मोबाइलवर दाखवली. आज त्या सिनेगॉगचं रूप कुणाला बघायचं असेल तर पाडणाऱ्याच्याच चित्रात बघावं लागतं. आपल्या संस्कृतीचे किती अभ्यासक असेच आहेत! आमची गाणी, आमची हलगी, आमची भाषा टिपून घेतात, सुंदर टिपतात, आणि ठराव करायला बसले की पंचांच्या बाजूला बसतात.

सिनेगॉग पाडताना एक गवंडी वरून पडला. मेला असं वाटलं, पण वाचला. झालं! चमत्कार! मेरीमातेने वाचवलं! महिन्याभरात त्या जागेवर लाकडी देऊळ उभं. लोकांची रीघ लागली, हजारोंनी यात्रा, मेरीचे शिक्के छापून विकले, गावाची तिजोरी भरली. दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ पाडायचं, त्या जागेवर चमत्कार घडवायचा, मग देऊळ, मग यात्रा, मग दुकानं. हा धंदा कुठल्या एका देशाचा नाही. पुढे १५४२ मध्ये गाव प्रोटेस्टंट झालं आणि मेरीही गेली. चौकातलं आजचं चर्च ते हेच.

ज्यूंचं कबरस्तान गावाबाहेर होतं. हजारो थडगी. तीही सोडली नाहीत. उकरली, आणि थडग्यांचे दगड लोकांनी बांधकामाला नेले. कुणी पायरीला, कुणी भिंतीला. काहींनी घराच्या दर्शनी भागात मुद्दाम बसवले, हिब्रू अक्षरं बाहेर दिसतील असे, आणि खाली कोरलं: साल १५१९, ज्यूंना हाकललं तेव्हाचा. रेगेन्सबुर्गात आणि आजूबाजूच्या गावांत हे दगड अजून भिंतीत आहेत. लेकीने एक दाखवला. अरुंद गल्ली, साधं घर, भिंतीत एक काळपट दगड. शेजारी सायकल टेकवलेली, वर खिडकीत लाल फुलांची कुंडी. कुणा माणसाच्या उशाचा दगड, पाचशे वर्षं भिंतीत चिणलेला.

मी हात लावला. पाटलाच्या वाड्याची चिरेबंदी आठवली. आमच्या गावात तो वाडा माझ्या आज्याने बांधला, म्हणजे दगड वाहिले त्याने, पण बांधून झाल्यावर त्याच भिंतीला हात लावला तर विटाळ. मंडळी म्हणाली, "यांच्या मेलेल्याचे दगड तरी चोरले. आपल्या मेलेल्याच्या उशाला दगड हुताच कुठं चोरायला?"

मला त्या बाईच्या बोलण्यावर काही सुचलं नाही. खरंच आहे. आपल्या मसणवट्यात दगड नाहीत. माती ओढली, वर काटे टाकले कुत्र्याने उकरू नये म्हणून, पावसाळ्यात सपाट. माझ्या आज्याला कुठे पुरलं ते माझ्या बापाला ठाऊक होतं, मला नाही. त्या जागेच्या कडेने आता कुणाचा तरी ऊस आहे.

हाकलणाऱ्यांनी तो दगड फुशारकीने लावला होता. विजयाची खूण. पाचशे वर्षांनी तीच खूण त्यांच्याविरुद्ध साक्ष देते, कारण त्यांनी साल घातलं, कारण अक्षरं पुसली नाहीत. आपल्याकडच्या लोकांनी असली फुशारकी दगडावर कधी लिहिली नाही. गरजच नव्हती, ती धर्मग्रंथात लिहिलेली होती, आणि माणसांच्या वागण्यात. म्हणून आपल्याकडे पुरावा मागतात. तुमच्यावर अन्याय झाला म्हणता, दाखवा कुठे झाला!

इथे एक गोष्ट नीट ओळखून घ्यायला हवी, नाहीतर आपण भावनेच्या भरात सगळ्यांचं दुःख एकाच पायलीने मोजतो. बाबासाहेबांचं एक इंग्रजी हस्तलिखित आहे, त्याच्या नावातच अस्पृश्यांना भारताच्या घेट्टोची मुलं म्हटलंय. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये पाचव्या खंडात ते छापलं. त्यात भारतीय घेट्टो म्हणजे काय ते बाबासाहेब सांगतात: हिंदू गाव. गावकुसाबाहेरची वस्ती. घेट्टो हा शब्द युरोपातल्या ज्यूंच्या वस्त्यांचा, तो त्यांनी मुद्दाम उचलला. त्या चौकात उभं राहिल्यावर सारखेपणाही दिसतो आणि फरकही. ज्यूंना वेगळं ठेवलं, पण आत त्यांचं सिनेगॉग होतं, पाठशाळा होती, पैसा होता. १९९६ मध्ये या चौकात खणताना ६२४ सोन्याची नाणी सापडली, चौदाव्या शतकात कुणीतरी पुरून ठेवलेली. आपल्या वस्तीत खणलं तर खापरं सापडतील. आपल्याला विद्याही बंद, सोनंही बंद. आणि सगळ्यात मोठा फरक असा, की त्यांना हाकलून दिलं. आपल्याला कुणी हाकललं नाही. मेलेलं ढोर कोण ओढणार? सांगावा घेऊन कोण पळणार? त्यांच्याशिवाय गावाचं चालेल असं गावाला वाटलं. आपल्याशिवाय गावाचं चालत नव्हतं, म्हणून गावकुसाला बांधून ठेवलं. हाकलणं मोठं की बांधून ठेवणं मोठं, याची तुलना करत बसायचं काम नाही. पण औषध वेगळं लागतं, एवढं समजलं पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं होतं, जर्मन शिकले होते. बॉन ऱ्हाईनच्या काठी, इथून लांब. तरी लेक म्हणाली, "ते इथे आले असते तर हे दगड त्यांना वाचता आले असते." हिब्रू कुठली? पण खालचं जर्मन नक्की.

ज्यू पुढे परत आले. १९१२ मध्ये नवं सिनेगॉग बांधलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ते जाळलं आणि दुसऱ्या दिवशी ज्यू पुरुषांना गावच्या मोठ्या रस्त्याने धिंड काढून चालवलं, हातात फलक देऊन. धिंड हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. १९४२ मध्ये जे उरले होते त्यांना गाडीत भरून पूर्वेला पाठवलं, मरायला. आपल्याकडे फुटपाथवर, स्टेशनच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र अजून मराठीत विकायला असतं. शिकलेली पोरं घेतात, त्याच्या शिस्तीचं कौतुक करतात. त्यांना या गल्लीतून एकदा चालवलं पाहिजे, खाली बघत.

खाली बघत, कारण गल्लीच्या फरशीत पितळेचे छोटे ठोकळे बसवलेले आहेत. दहा सेंटीमीटरचा चौकोन. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताचं हे काम. ठेच लागायचा दगड, असं त्याचं नाव. ज्या घरातून माणूस नेला त्या घरासमोर एक. वर लिहिलेलं: इथे राहत होता, नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. युरोपभर मिळून २०२३ मध्ये त्यांचा आकडा एक लाखावर गेला. वाचायचं तर वाकावं लागतं. मंडळी वाकली, बोटाने अक्षरं पुसली. पण म्हणाली, "मानसं यावर पाय देऊन जात्याल की." लेक म्हणाली, म्युनिकमध्ये याच कारणाने सार्वजनिक रस्त्यावर हे बसवू देत नाहीत, तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनीच विरोध केला, की आमची नावं पुन्हा बुटाखाली नकोत. मला पंढरपूर आठवलं. चोखोबाची समाधी कुठे, तर महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. संत केला, पण जागा तीच. म्युनिकच्या लोकांचं म्हणणं मला पटतं. पितळेवर वाकलेली आमची मंडळी बघितल्यावर डेमनिगचंही पटतं.

चौकात परत आलो. ज्या ओट्यावर आम्ही आधी बसलो होतो तोच सिनेगॉग आहे, हे लेकीने आता सांगितलं. म्हणजे त्याचा आराखडा. इस्रायलचे शिल्पकार दानी कारावान यांनी जुन्या सिनेगॉगच्या पायावर पांढऱ्या सिमेंटात तसाच आराखडा उभा केला, गुडघाभर उंचीचा. खांबांच्या जागी खांबांचे बुंधे. २००५ मध्ये पुरा झाला. ना कुंपण, ना पहारेकरी. पोरं उड्या मारतात, कॉलेजातली मुलं मांडी ठोकून आइस्क्रीम खातात. मंडळी एकदम उठली, चपला काढल्या. लेक म्हणाली, "आई, बस. लोकांनी बसावं, भेटावं म्हणूनच केलंय." ती बसली. पण चपला परत घातल्या नाहीत.

या सगळ्याचं कौतुक करताना एक विसरायचं नाही. हे स्मारक काही पश्चात्ताप अनावर होऊन झालं नाही. १९९५ ते १९९८ चौक खणला, तेव्हा जुनी तळघरं वर आली. त्याच तळघरांना छेदून नाझींच्या काळात हवाई हल्ल्यापासून लपायला बंकर बांधलेला निघाला. जमीनच बोलायला लागली तेव्हा गावाला ऐकावं लागलं. पाचशे वर्षं लागली. आणि मेलेल्यांचं स्मारक करणं सोपं असतं, ते विहिरीवर पाणी मागायला येत नाहीत. जिवंत शेजाऱ्याचं काय? २०१९ मध्ये जाळलेल्या जागेवर पुन्हा नवं सिनेगॉग उभं राहिलं आहे. आजचे इथले बहुतेक ज्यू पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेले. या देशात सिनेगॉगवर पोलिसांची नजर ठेवावी लागते, अजूनही. म्हणजे पाटी लावली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. पण पाटीच नाही तिथे प्रश्न होता हेच कुणी मानत नाही.

संध्याकाळी बोट निघाली. गावाच्या खाली थोड्या अंतरावर डाव्या हाताच्या टेकडीवर ग्रीक देवळासारखी एक प्रचंड इमारत दिसते, वालहाला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८४२ मध्ये उघडली. जर्मन भाषेतल्या थोरांचे संगमरवरी मुखवटे आत मांडलेले. सगळे प्रवासी डेकवर आले. आइनस्टाइनचा पुतळा तिथे १९९० मध्ये बसला. कवी हाइनेचा २०१० मध्ये, मेल्यावर १५४ वर्षांनी. ज्यू घरात जन्मलेला, आणि हयातीत या वालहालाची टिंगल केलेली. मंडळीने विचारलं, "बाबासायबाचा फोटू दिल्लीत कवा लागला?" संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्र १९९० मध्ये लागलं. आइनस्टाइनचं आणि बाबासाहेबांचं साल एकच निघालं.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं वर बसलो. लेकीने विचारलं, आण्णा, आपल्या वस्तीत कुणाकुणाची घरं जळाली होती? तिला नामांतर माहीत आहे. २७ जुलै १९७८ ला ठराव झाला, मराठवाडा पेटला, १९९४ च्या १४ जानेवारीला नाव बदललं, हे सगळं पाठ आहे. घरं माहीत नाहीत. मी बोटीवरच्या एका जेवणाच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि लिहायला बसलो. मंडळी १९७७ ला लग्न होऊन आलेली, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. कुठलं छप्पर आधी पेटलं, कोण कुणाच्या दाण्याची कणगी ओढत होतं, कुणाची शेळी बांधलेली राहिली. घरमालकाचं नाव, बायकोचं नाव, पोरं किती. नऊ घरं झाली. दहावं घर एका एकट्या म्हातारीचं, लिंबाखालचं. तिला सगळी वस्ती नुसती म्हातारी म्हणायची. तिचं नाव मला आठवेना, मंडळीलाही आठवेना.

"कुणाला तरी फोन लावा," लेक म्हणाली. तिथे नऊ वाजले होते आणि अजून उजेड होता. गावाकडे रात्रीचे साडेबारा. दहाव्या ओळीवर मी लिंबाखालची एवढंच लिहिलं आणि पुढे जागा सोडली.